एक थेंबही नाही

११ जानेवारी

या पोटाला आजवर काय काय लागलं, ते आज दुपारी ऑफिसात बसून मांडून पाहिलं. पट्टे चार. चौथ्याला मी स्वतः वर्कशॉपच्या ड्रिलने पाडलेली जादा भोकं पाच. बायकोने कंबरेत उसवून सैल केलेल्या पँटी, ती म्हणते नऊ, मी म्हणतो सात. गाडीची सीट दोन खाचा मागे. वाकून नाडी बांधणं बंद, म्हणून बिननाडीचे बूट. आणि आज एक फोटो.

फोटोचं असं झालं. कारखान्याला पंचवीस वर्षं होतायत म्हणून माहितीपत्रक छापायचंय. पहिल्या पानावर मी आणि आमचा नवा पंप, खाली आमचं ब्रीदवाक्य, 'एक थेंबही नाही'. आमचा पंप गळत नाही, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. फोटोग्राफर आला, दिवे लावले, मला पंपाशेजारी उभं केलं, आणि लांब जाऊन सोबतच्या मदतनीस मुलीच्या कानात कुजबुजला, "पंप पुढे ओढ. पोट झाकलं जाईल."

मध्ये पंधरा पावलांचं अंतर, डोक्यावर पंखा, बाहेर लेथ चालू. पण माझे कान आहेत. गाडीची काच वर असताना रस्त्यावरून जाता जाता मी सांगतो, कुणाच्या पंपाचं बेअरिंग गेलंय. डॉक्टरला ऐकायला नळी लागते, मला तीही लागत नाही. एका वर्कशॉपात झाडू मारायला लागलो होतो, तिथून या दोन कानांवर मालक झालो.

फोटोग्राफरला म्हटलं, "आज उजेड बरोबर नाही. दोन महिन्यांनी या."

"साहेब, उजेड आम्ही बरोबर आणलाय."

"मग तो घेऊन जा आणि दोन महिन्यांनी परत आणा."

१५ जानेवारी

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. चरबी ओढून काढतात त्या. बारीक चणीच्या, चाळिशीच्या, बोलायला एकदम तुटक.

"वजन कमी करायला आलात?"

"नाही, पोट."

"दोन्हीतला फरक कळत असेल तर अर्धं काम झालं. झोपा."

पोटाचा चिमटा घेतला, चांगला करकचून. म्हणाल्या, "हे चिमटीत आलं ते माझं. चिमटीत येत नाही, आतड्यांभोवती बसलंय, ते तुमचं. ते नळीने निघत नाही. ते रोज चालून आणि दोन घास कमी खाऊनच जातं. तुमचं निम्मं-निम्मं आहे."

म्हटलं, निम्मं तर निम्मं. मग पद्धत सांगितली. आधी औषध घातलेलं खारं पाणी चरबीत भरायचं, म्हणजे ती फुगते आणि रक्त कमी जातं. मग कातडीला चार-पाच बारीक छेद, त्यातून पेन्सिलीएवढी नळी, आणि मागून ओढणारं मशीन.

"म्हणजे व्हॅक्यूम पंप," मी म्हणालो. "किती पॉवरचा? कुणाचा बनवलेला?"

पहिल्यांदा हसल्या. "तीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता," म्हणाल्या. दिसतात चाळिशीच्या, तेव्हा तीस वर्षं जरा जास्तच झाली, पण धंद्यात एवढं चालतं.

मग धोके. एकेक बोट मोडत सांगत होत्या. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, ती सुटून फुप्फुसात जाणं. चरबीचा कण रक्तात शिरणं. नळी आत लागणं. जंतू. कातडीखाली पाणी साचणं. पोटाची कातडी वर-खाली राहणं. महिनोन्महिने बधिरपणा. तेवढ्यात शेजारच्या खोलीत मशीन सुरू झालं आणि माझं लक्ष तिकडे गेलं. व्हॉल्व्ह किंचित सैल आहे. सांगितलं तर म्हणाल्या, "मी तुमच्या पायाबद्दल बोलतेय, तुम्ही माझ्या व्हॉल्व्हबद्दल." चार पानी कागद हातात दिला, घरी वाचा म्हणून. पाकिटात घडी करून ठेवलाय.

"गॅरंटी किती?" मी विचारलं.

"तुम्ही पंपाची देता. पंप चालवणाऱ्याची देता का?"

बाई हुशार आहे. तिथेच पक्कं केलं. रक्त, साखर, हृदयाची पट्टी, सगळ्या तपासण्या करायच्या. ऑपरेशननंतर सोबत घरचं माणूस हवं, दर तासाला उठून चालायचं, आणि तिसऱ्या दिवशी दाखवायला यायचं.

घरचं माणूस. हे जरा अवघड आहे.

२० जानेवारी

बायकोला सांगणार नाही. का, ते इथे खरं लिहितो, कारण ही वही कुणी वाचत नाही. एकतीस वर्षांत तिने पँटी सैल केल्या, पण पोटावरून एक शब्द काढला नाही. आता मी म्हटलं, पोट कापून घेतोय, तर ती शिवणाच्या मशीनवरून मान वर करेल, चष्मा खाली ओढेल आणि विचारेल, "कुणासाठी?" फोटोग्राफरसाठी, असं थोडंच सांगता येतं.

तेव्हा असं ठरलं. मी नवं मशीन बघायला परगावी जातो आठ दिवस. प्रत्यक्षात वर्कशॉपच्या वरच्या खोलीत राहायचं. ती खोली आता बाहेरून येणाऱ्या एजंटांसाठी आहे. कारखाना काढल्यावर पहिली अकरा वर्षं आमचा संसार तिथेच झाला. खालीच टेस्टिंगचं टेबल, तेच तीन जुने पंप दिवसभर चालू. घर दोन चौक पलीकडे, पण आता ही वर्कशॉपात पाऊल टाकत नाही, धुराने शिंका येतात.

घरचं माणूस म्हणून मिस्त्री. बावीस वर्षं माझ्याकडे आहे, म्हणजे घरचाच. त्याला बोलावून सांगितलं.

"मालक, आणि वहिनींनी विचारलं तर?"

"तू त्यांना दिसूच नकोस."

"मी रोज त्यांच्या दारावरून सायकलने येतो."

"मग गल्ली बदल."

डोकं खाजवत गेला. माणूस भला, पण खोटं बोलायचा सराव नाही. मला आहे. पंचवीस वर्षं माल उद्या पाठवतो म्हणतोय.

२ फेब्रुवारी

हिने बॅग भरून दिली. स्वेटर घातला. म्हटलं, कशाला? "परगावी थंडी असते," म्हणाली. बॅग घेऊन रिक्षाने निघालो, तीन रस्ते फिरून आधी वरच्या खोलीत बॅग टाकली, तिथूनच हिला 'गाडीत बसलो' म्हणून फोन केला, मग दवाखान्यात. उद्या सकाळी. दोनदा फॉर्मवर सही केली, दोन्ही वेळा वेगळी आली.

४ फेब्रुवारी

झालं! काल दोन तास लागले म्हणे. झोपेचं औषध चढेपर्यंत मशीनचा आवाज ऐकत होतो. व्हॉल्व्ह बदललाय. माझं ऐकलं तर.

"तीन लिटर काढलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी छाती फुगवली, तर लगेच, "त्यातलं पुष्कळसं आम्हीच भरलेलं पाणी आहे. आणि सूज येणार. महिनाभर आरशात बघू नका, रडाल."

पोटाला घट्ट विणीचा पट्टा-वजा कपडा, छातीपासून मांड्यांपर्यंत. सहा आठवडे. दुखतं म्हणजे, कुणीतरी रात्रभर काठीने बदडल्यासारखं. छेदांतून गुलाबी पाणी झिरपतंय. सिस्टर म्हणाली, "वाहू दे, काका. जेवढं बाहेर, तेवढं चांगलं. दोन दिवसांत थांबेल." तिला काय सांगू, माझ्या खोक्यांवर काय छापलंय.

मिस्त्रीने लोखंडी जिन्याने वर आणलं. सतरा पायऱ्या, प्रत्येकीला नवी शिवी. कामगारांना सांगितलंय की वर एक आजारी एजंट उतरलाय.

दुपारी मिस्त्री घरून डबा घेऊन आला. मऊ, कमी तिखट, कमी मिठाचं. मी म्हटलं, "तुझ्या बायकोच्या हाताला चव आहे रे. आमच्याकडे असं कधी मिळत नाही." तर हा खाली बघून म्हणाला, "सांगतो तिला." लाजला बहुतेक.

संध्याकाळी घरी फोन केला.

"पोचलात?"

"कालच. काय मोठं शहर आहे!"

"थंडी?"

"कडाक्याची."

"स्वेटर घातलाय ना? आणि मशीन कसंय?"

"अजून चालू करून दाखवलं नाही."

"असं? मला वाटलं चालू आहे," म्हणाली आणि हसली. का हसली कळलं नाही. असो. खपलं.

५ फेब्रुवारी

झिरपणं थांबत नाही. चादर ओली, कपडा ओला, खाली ठेवलेला कापूस ओला. पडून त्याच्याकडेच बघत बसतो. पंचवीस वर्षं पोरांना ओरडलो की गळणारा पंप दारातून बाहेर गेला तर तुम्ही त्याच्यामागून जाल. आणि मीच गळतोय!

सकाळी अकराला सहन झालं नाही. मिस्त्रीला म्हटलं, पाइपवर लावतो ती पाणी न सुटणारी टेप आण, आणि भट्टीजवळचा रबरी पट्टा.

"मालक, सिस्टर म्हणाल्या वाहू द्या."

"सिस्टरने किती पंप बनवलेत?"

पाचही छेदांवर टेप लावली. वरून रबरी पट्टा, कपड्यावर, मांड्यांच्या सांध्यापर्यंत आवळला. पक्कडीने शेवटचा पीळ दिला. पंधरा मिनिटं वाट पाहिली. कोरडं. एक थेंबही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा शांत वाटलं.

मिस्त्री दारात उभा राहून पक्कड या हातातून त्या हातात करत होता.

६ फेब्रुवारी

अजूनही कोरडं. पोट मात्र फुगलेलं, दाबलं की आत पाण्याच्या पिशवीसारखं हलतं. सूज येणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या.

आज दाखवायला जायचं होतं. गेलो नाही. दवाखान्याच्या समोरच हिचं नेहमीचं दोरे-बटणांचं दुकान आहे, आज तिचा तिथे जायचा दिवस. सिस्टरला फोन करून सांगितलं, सगळं एक नंबर आहे. तिने विचारलं, चालताय ना? म्हटलं, हो तर. प्रत्यक्षात या पट्ट्यात पाय उचलत नाही, आणि खाली उतरलो तर कामगार बघतील, एजंटचं तोंड मालकासारखं कसं म्हणून. त्यामुळे पडूनच.

उजव्या पोटरीत गोळा आल्यासारखं वाटतंय. ही खाट एजंटांसाठी घेतली तेव्हाच स्वस्तातली होती. आता कळलं ते दुसऱ्यांदा का येत नाहीत.

मिस्त्री सतत येऊन बघून जातो. मी काही सांगितलं की खाली जातो आणि फोनवर बोलतो, हळू आवाजात. बायकोचा फार धाक दिसतोय त्याला.

७ फेब्रुवारी

झोप लागत नाही, पण दुपारी डोळा लागतो. खाली तीन नंबरचा पंप चालू असतो, त्याची घरघर ऐकत पडलं की बरं वाटतं. याच घरघरीत आमची मुलगी लहानाची मोठी झाली. दुसरी कुठलीही गोष्ट सध्या धड वाटत नाही. उशी बदलली, कूस बदलली, खाट खिडकीकडे ओढायला लावली, परत भिंतीकडे ओढायला लावली. मिस्त्री म्हणाला, "मालक, आता मलाच पट्टा लागेल."

पोटरी उजवीकडची डावीपेक्षा जाड दिसते. गरम लागते. खाटेचाच प्रताप. संडासापर्यंत आठ पावलं, तेवढ्यात धाप लागली. पडून पडून अंग आळसावलं, दुसरं काय.

संध्याकाळी फोन.

"जेवलात?"

"हॉटेलचं... काय सांगू. घरची सर नाही."

"अस्सं. त्या दिवशी कुणाच्या तरी हाताला फार चव होती म्हणे."

"कोण म्हणालं?"

ती एकदम वेगळ्याच आवाजात, "अहो, जिना चढून आलात का आत्ता?"

"नाही. पडलोय."

"पुन्हा बोला."

"काय बोलू?"

"काहीही. मशीनबद्दल सांगा."

मी मशीनबद्दल सांगायला लागलो, किती वेगाने फिरतं, किती पाणी उचलतं. मध्ये दोन-तीनदा थांबलो असेन. पुरतं सांगून व्हायच्या आत तिने फोन ठेवला. रागावली की काय

११ फेब्रुवारी, हॉस्पिटल

वरचं वाक्य पुरं केलं नाही, कारण लोखंडी जिन्यावर पावलं वाजली. सतरा पायऱ्या, मध्ये एकही थांबा नाही. मग दारात शिंक.

बायको. घरातल्या चपला, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. मागे मिस्त्री, रडवेला.

मी म्हटलं, "अगं, मी आत्ताच परत—"

"बोलू नका. दम वाया घालवू नका." खाली बसली, माझी पँट गुडघ्यापर्यंत वर केली, गळ्यातली टेप काढून डावी पोटरी मोजली, उजवी मोजली. "दीड इंच," मिस्त्रीला म्हणाली. "गाडी काढा." मग रबरी पट्टा दिसला. त्यावर तिने मला जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कातरीने कापला. छेदांवरच्या टेपच्या कडेने पाणी असं उसळलं की तिची साडी भिजली.

पायाच्या शिरेत गुठळी होती. तिचा एक बारीक तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता. आणखी एक दिवस खाटेवर पडलो असतो तर, असं म्हणून हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी वाक्य अर्धवट सोडलं. रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत. नाकाला नळी. डॉक्टरीणबाईंनी येऊन सुईने पोटातलं साचलेलं पाणी काढलं, वाटीभर.

"मी बोटं मोजली होती," त्या म्हणाल्या. "पहिलंच बोट गुठळीचं होतं. चालायला सांगितलं होतं. वाहू द्या म्हटलं होतं. घरचं माणूस आणा म्हटलं होतं."

"मी होतो," कोपऱ्यातून मिस्त्री म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "पण मालक, पंपाच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग फार आवळलं की दांडा जळतो, दोन थेंब गळू द्यावेत, हे मला तुम्हीच शिकवलं. पहिल्या आठवड्यात. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं."

हिने माझ्या पाकिटातून तो चार पानी कागद काढला. घडी अजून मोडलेली नव्हती. चष्मा खाली ओढून शेवटपर्यंत वाचला. मग जे मी महिनाभर टाळलं, ते विचारलं.

"कुणासाठी?"

मी खरं सांगितलं. फोटोग्राफर, पंधरा पावलं, पंप पुढे ओढ.

तिने कागदाची परत घडी घातली आणि माझ्या उशाशी ठेवली. म्हणाली, "त्याने एकदा म्हटलं ते ऐकू आलं. मी एकतीस वर्षं काही म्हटलं नाही, ते नाही ऐकू आलं?" डोळे पुसले आणि मग, "नऊ पँटी होत्या. सात नाही."

२० फेब्रुवारी

घरी. रोज सकाळ-संध्याकाळ चालतो, ही एका बाजूला, मिस्त्री दुसऱ्या बाजूला, आरोपीला नेल्यासारखे. गोळ्या निदान तीन महिने. नाभीखाली बधिर आहे, दुसऱ्याच्या अंगाला हात लावल्यासारखं. उजवीकडे एक खळगा राहिलाय, डॉक्टरीणबाई म्हणतात भरेल, थोडा राहीलही.

डब्यांचा उलगडा झाला. पहिल्या दिवसापासून स्वयंपाक हिचाच. मिस्त्रीला पहिल्याच सकाळी दारात अडवलं, त्याने दोन मिनिटंही तग धरला नाही. ऑपरेशन, खोली, सगळं सांगून टाकलं. फक्त रबरी पट्टा सांगितला नाही, मालकाची लाज राखायची म्हणून. तेवढीच एक गोष्ट सांगायला हवी होती.

"मग आलीस का नाही?" मी विचारलं.

"तुम्हाला सांगावंसं वाटलं नाही, मी कशाला येऊ? जेवण तरी नीट जावं म्हटलं." मग म्हणाली, "शेवटच्या दिवशी तुमचा श्वास ऐकला. दोन वाक्यांत तीनदा अडखळला. मोटर बंद पडायच्या आधी करते तसा."

मी अजून वहीत 'मिस्त्रीच्या बायकोच्या हाताला चव' वाचतो आणि पान उलटतो.

२३ मार्च

फोटो झाला. पंप मध्ये न ओढता. हिच्या मापाच्या टेपवर अडीच इंच कमी. वजनकाट्यावर म्हणाल तर दोन किलो, तेही बहुधा हॉस्पिटलच्या जेवणामुळे. हिने एक पँट आत घेतली, एकच. "बाकीच्या राहू द्या," म्हणाली, "डॉक्टरीणबाईंनी तुमचं म्हटलेलं निम्मं अजून आहे." माहितीपत्रकावरचं ब्रीदवाक्य बदलावं का, यावर मिस्त्री आणि मी दोन दिवस वाद घालतोय. तो म्हणतो, राहू द्या, पंप तर गळत नाहीत.

काल रात्री जेवताना राहवलं नाही. विचारलं, "मिस्त्री बोलला म्हणून तुला कळलं. पण त्याला अडवलंस कशाला? तुला संशय कुठून आला?"

"फोनवरून. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी केलात, तो नाही. त्याच्या आधीचा. दवाखान्यात जायच्या आधी, खोलीत बॅग ठेवायला गेला होतात ना? तिथून 'गाडीत बसलो' म्हणून फोन केलात."

"मग?"

"गाडीत तीन नंबरचा पंप कसा वाजेल? मी अकरा वर्षं त्याच्यावर झोपलेय." वाढता वाढता पुढे म्हणाली, "आणि त्याचं बेअरिंग गेलंय. बघा एकदा."

मी हसलो. म्हटलं, चार दिवस, तीन रात्री त्या पंपाच्या डोक्यावर पडून होतो, मला नाही कळणार?

आज दुपारी मिस्त्रीने तीन नंबर उघडला. बेअरिंग गेलेलं होतं.